नावाची भांडी

मालन हुबळीला गेली, लेकीच्या बाळंतपणाला.
तीन महिने, म्हणाली.
चौथ्या दिवशी मला जिरं सापडेना.

सापडलं ते करदंटाच्या डब्यात.
कुंद्याच्या खोक्यात हळकुंडं.
मीठ होतं त्यावर लिहिलेलं साखर,
साखर होती त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

बत्तीस वर्षं मी बेळगाव–निपाणी गाडीवर कंडक्टर.
दिवा गेला तरी बोटांनी नाणी ओळखली.
म्हटलं, एवढी मांडणी लावायला काय लागतंय की!

सगळं खाली काढलं,
ओट्यावर, फरशीवर, पार उंबऱ्यापर्यंत.
टोके पडलेली तूरडाळ परड्यातल्या कोंबड्यांना.
झाकणं अकरा, बरण्या सात,
म्हणजे चार प्रवासी न सांगता मधेच उतरलेले.

मग फळीवर स्टेज पाडली.
या टोकाला बेळगाव: तांदूळ, चहा, रोजचं.
काकती, होनगा – डाळी.
यमकनमर्डीला जोंधळ्याचं पीठ,
हत्तरगीला चटण्या, शेंगांची, कारळाची, जवसाची.
संकेश्वरला मिरची, ते सांगायला नको.
तवंदी घाटात, स्टुलावर चढून, पुरणयंत्र.
निपाणीला काय ठेवावं सुचेना,
तेवढ्यात फडताळामागून मिश्रीची डबी निघाली.
बत्तीस वर्षं मला वाटायचं,
ही सकाळी तुळशीपाशी फार वेळ उभी राहते.
डबी निपाणीला ठेवली.
तिकीट विचारलं नाही.

चिठ्ठ्या लिहिल्या गाडीच्या पाटीसारख्या,
वर कन्नड, खाली मराठी.
दुसऱ्या फळीवर उलट,
कुणाला काही वाटायला नको.
मुंग्यांनी दोन्ही वाचल्या
आणि गुळापाशी उतरल्या.

शेवटी राहिली ती भांडी, जी आमची नव्हती.
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं,
पासावरचा फोटो बघावा तशी उजेडाला धरून वाचली.
निंगव्वा कम्मार, कन्नडात, पेला.
हाजराबी ममदापूर, झाकणाचा डबा.
डिसोजा मास्तरांची कढई, एक कान गेलेला.
सौ. इंदुबाई मोदगेकर, वास्तुशांती, १९९१, पातेली.

फोन लावला.
"देऊन टाकू काय गं?"
"द्या की. पण मोकळं भांडं कुणाच्या हातात देऊ नका."

हे मला माहीत होतं.
माहीत असणं वेगळं
आणि मापट्यानं मोजायला बसणं वेगळं.
निंगव्वाच्या पेल्यात शेंगांची चटणी.
हाजराबीच्या डब्यात मसूर.
मास्तरांच्या कढईत काय घालणार?
मिरच्या घातल्या, वर एक लिंबू,
म्हातारा हसला, म्हणाला, दृष्ट काढायला आलायस काय?

संध्याकाळी हत्तरगी निम्मं मोकळं.
पण हाजराबीची सून म्हणाली, थांबा मामा,
आणि आतून डबा आणला, तळाला माझंच नाव,
आत शेवया.
निंगव्वानं दोन भाकऱ्या दिल्या, कडक, फडक्यात बांधून.
फडकं आता परत द्यायला हवं.

इंदुबाईंच्या दारात कुणी नवीनच उभं.
पातेली उलटी करून नाव बघितलं,
मान हलवली: नम्दल्ल री.
घर विकलं म्हणे त्यांच्या पोरांनी, पाडव्याच्या आधीच.
आणि इंदुबाई?
ते तिला सांगता येईना. मलाही पुढं विचारता येईना,
दोघांच्याही भाषेत.

पातेली परत आणली.
फळीवर जागा नव्हती.
निपाणीच्या पुढं, जिथं माझी गाडी वळायची,
तिथं कशीबशी टेकवली
आणि मूठभर तांदूळ घातले.

रात्री भाताला फोडणी द्यावी म्हणून उठलो.
जिरं कुठल्या स्टॉपवर उतरवलं होतं,
आठवत नाही.